कासवाला चालणारा पाला

बुद्धप्रिया लातूरला आली ती एका वर्षापुरती. एकाची दोन वर्षं झाली. दुसऱ्यांदाही नीटमध्ये मार्क कमी पडले, तेव्हा तिच्या वडिलांनी, आनंदराजांनी, फोनवर एवढंच विचारलं, "रूम तीच ठेवायची का बदलायची?" घरी येतेस का, असं त्यांनी विचारलं नाही आणि तिनंही ते तोंडातून काढलं नाही. "तीच ठेवा," ती म्हणाली, आणि तिचं तिसरं वर्ष सुरू झालं.

रूम म्हणजे रत्नम्माच्या घरातली माडीवरची खोली. त्या गल्लीत घराघरावर 'मुलींसाठी रूम मिळेल' अशा पाट्या होत्या. रत्नम्मा मूळची निलंग्याकडची. नवरा गेलेला, मुलगा गुरुबसप्पा बेंगळुरात नोकरीला. माडीवरच्या दोन मोठ्या खोल्यांत प्लायवूडच्या भिंती घालून तिनं बऱ्याच खोल्या केल्या होत्या. बुद्धप्रियाच्या वाट्याला आलेली खिडकी शेजारच्या घराच्या भिंतीवर उघडायची. पलीकडच्या पोरीनं पान उलटलं तरी इकडं ऐकू यायचं. संध्याकाळी सात वाजले की फाटकाला कुलूप. "कुलूप तुमच्यासाठी नाही गं, बाहेरच्या जगासाठी आहे," रत्नम्मा म्हणायची. पण किल्ली तिच्या कमरेला असायची, आणि आत राहायच्या त्या पोरीच.

तिच्या पहिल्या वर्षी सोबत असलेल्या पोरी एकेक करून निघून गेल्या होत्या. कुणी डॉक्टरकीला लागली, कुणी नर्सिंगला, एकीचं लग्न झालं. नव्या पोरी यायच्या, तिला ताई म्हणायच्या आणि क्लासचा रस्ता, मेसची वेळ, कपडे वाळत घालायची जागा विचारायच्या. मग कुणीतरी विचारायचंच, "ताई, तुझं कितवं वर्ष?" हा प्रश्न येणार हे तिला पोरगी जिना चढतानाच कळायचं.

घर हिमायतनगर तालुक्यातल्या एका गावात. आनंदराज तिथल्या सरकारी दवाखान्यात शिपाई होते. डॉक्टर आले की खुर्ची पुसायची, दार उघडायचं, लाईट गेली की टॉर्च धरायची, पेशंटला आत सोडायचं. कितीतरी डॉक्टर त्या खुर्चीवर बसून बदलून गेले. "एक दिवस ह्या खुर्चीवर माझी पोरगी बसंल आन् मी दार उघडीन," असं ते दवाखान्यातल्या नर्सबाईंना, एसटीच्या कंडक्टरला, गावातल्या विहारात भेटेल त्याला सांगायचे. त्यांची आई सरजाबाई हिनं जन्म लोकांच्या रानात खुरपणीत काढला होता. कापूस, तूर, ज्वारी, ज्याचं बोलावणं येईल त्याच्या बांधावर ओणवं व्हायचं. बोटं वाकडी झाली ती झालीच. आनंदराजांना नोकरी लागली त्या दिवशी त्यांनी आईचं खुरपं हातातून घेतलं आणि गावातल्या लोहाराला देऊन टाकलं. "आपल्या घरात आता हे दिसायचं नाही," म्हणाले. सरजाबाई हसली होती. हात रिकामे कसे ठेवायचे, हे मात्र तिला मरेपर्यंत जमणार नव्हतं.

रत्नम्माच्या घरामागं परस होतं. उंच भिंतींमध्ये कोंडलेला मातीचा तुकडा, एका कडेला धुण्याचा दगड, दुसरीकडं पाण्याची टाकी. तिथं एक कासव राहायचं. काळ्या पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं, ओंजळीत मावेल एवढं. काही वर्षांपूर्वी एका पोरीच्या मामानं ते कुठूनसं शुभ म्हणून आणून दिलं होतं. ती पोरगी पहिल्याच फटक्यात एमबीबीएसला लागली आणि कासव इथंच ठेवून गेली. पुढच्या वर्षी आणखी दोघी लागल्या. झालं! परीक्षेला जाताना कासवाच्या पाठीला हात लावून निघायचं, ही त्या घराची रीतच पडली. आईबाप रूम बघायला आले की हळूच विचारायचे, "कासवाचं घर हेच ना?" रत्नम्मा कानडीत कासवाला 'आमे' म्हणायची, पोरींना ते नावच वाटलं, आणि ती झाली आमी.

बुद्धप्रियानं आमीच्या पाठीला दोनदा हात लावला होता. दोन्ही वेळा उपयोग झाला नव्हता, म्हणून ती आमीच्या वाटेला फारशी जात नसे.

तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला, जुन्या पोरी गेल्या होत्या आणि नव्या यायच्या होत्या तेव्हा, माडीवर ती एकटीच होती. कपडे वाळत घालायला परसात आली तर आमी टाकीच्या सावलीत पडलेली. समोर मेसमधून उरलेला कोबी, भात, चहात बुडवलेली पोळी. कशालाच तोंड लावलेलं नव्हतं. बुद्धप्रियानं तिला उचललं. पाठ बोटाखाली दबली. दगडासारखं असायला हवं ते जुन्या प्लास्टिकच्या डब्यासारखं लागत होतं. आमीनं मान बाहेर काढली, डोळे अर्धे उघडून तिच्याकडं बघितलं आणि पुन्हा आत घेतली.

"काकू, हिला बरं नाही," तिनं रत्नम्माला हाक मारली.

रत्नम्मानं ओळखीतून एका जनावरांच्या डॉक्टरांचा नंबर मिळवला. फोन स्पीकरवर ठेवला. डॉक्टरांनी पाठीचं वर्णन ऐकलं आणि म्हणाले, "बाई, हे कासव घरात पाळायला बंदी आहे. कायदा आहे. माझ्याकडं आणलंत तर मला वनखात्याला कळवावं लागेल. त्यापेक्षा तुम्हीच देऊन टाका त्यांच्याकडं."

रत्नम्मानं घाईघाईनं फोन ठेवला. पदरानं तोंड पुसलं. "पोलीस येतील दारात. ह्या वयात? आणि पोरींचे आईबाप काय म्हणतील? इल्ला, इल्ला, नाही जमायचं." मग आमीकडं बघून म्हणाली, "ठेवावं तर मरतंय. द्यावं तर आम्हाला नेतंय. कुणी आणून टाकलं गं हे माझ्या गळ्यात?"

बुद्धप्रिया वर गेली. पुस्तक उघडून बसली, पण त्या दिवशी तिनं मोबाइलवर कासवाचंच वाचलं. ही जात गवत-पाला खाणारी. भात, पोळी, दूध हे तिचं अन्नच नव्हे. ऊन हवं, चुना हवा, आणि रानातलं गवत हवं. रान कुठलं आणायचं? मग तिला आठवलं, परसात तण माजलंय, आणि रत्नम्मा दर आठवड्याला गडी बोलावून ते काढायचं म्हणते.

अडचण एकच होती. त्यातलं कुठलं चालतं आणि कुठलं मारतं, हे कोण सांगणार? मोबाइलवरचे फोटो परदेशातल्या झाडांचे. क्लासच्या पुस्तकात कुळं होती, फुलांच्या आकृत्या होत्या, पण भिंतीच्या कडेला उगवलेल्या त्या हिरव्या गर्दीत कोण कुठल्या कुळाचं, हे कळेना. तिनं आजीला व्हिडिओ कॉल लावला.

"जयभीम आजी. हे बघ, हे काय हाय?"

"जवळ धर गं. हलवू नको. हां, पाथरी हाय की ती! म्हशीला दूध येतं तिनं."

"आन् हे?"

"घोळ. भाजी करत्यात. त्याच्या बाजूला केना हाय. पावसाचा लई येतो."

"मग कासव खातं का हे?"

पलीकडून सरजाबाई खो खो हसली. "कासवाला मी कुठं जेवाया घातलं गं माय! माणसाचं विचार, बैलाचं विचार, सांगते. कासवाचं तूच बघ."

तिनं तिचंच बघितलं. आजीकडून नाव घ्यायचं, त्या नावावरून शास्त्रातलं नाव शोधायचं, मग कासवाला ते चालतं का ते वाचायचं. एकाच ठिकाणी वाचून भागत नसे. एक जण चालतं म्हणायचा, दुसरा नाही. जिथं शंका, तिथं ते तण बाजूला. आधी तिनं मनाशी सोपा नियम केला होता, की मोडल्यावर पांढरा चीक निघतो ते विष. जमिनीला चिकटून पसरलेली, लालसर देठाची दुधाणी या नियमात बरोबर बसली. पण पाथरी मोडली तर तिलाही चीक! आणि कासवासाठी पाथरीइतकं चांगलं काही नाही, असं जिथं तिथं लिहिलेलं. नियम मोडला. मग ती चिकावर विसंबायची थांबली आणि झाड पूर्ण बघायला लागली. पान कसं बसतं, खोड पोकळ का भरीव, फूल कसं उमलतं, बी कशी उडते. पाथरीला जमिनीसरशी पानांचा फेर आणि वर पिवळं फूल. दुधाणीला समोरासमोर पानं आणि बगलेत बारीक गोंडे. एकदा फरक कळला तो कळलाच, मग लांबूनही दोघींत गफलत होईना.

हराळी रोज चालते. केना चालतो. कंबरमोडीची पानं आणि फुलं चालतात. घोळ कधीतरी, थोडी. तीन पानांची आंबुशी माणसाला चटणीत रुचते, पण कासवाच्या हाडातला चुना खाते, म्हणून नको. तरोट्याची भाजी आजी आवडीनं करायची. तोही नको, पोट सुटतं. गाजरगवताला तर हातही लावायचा नाही. भिंतीवरून आत वाकलेली घाणेरी, रंगीत फुलांची, दिसायला सगळ्यात देखणी आणि सगळ्यात वाईट. फाटकाजवळचं कण्हेर रत्नम्माच्या पूजेचं; त्याचं पानही आमीच्या वाऱ्याला नको. हे सगळं तिच्या डोक्यात असं बसलं, की क्लासमधली कितीतरी प्रकरणं तशी कधी बसली नव्हती.

रत्नम्मानं तिला एक जुनं खुरपं काढून दिलं. सकाळी क्लासच्या आधी ती परसात उतरायची. विषारी ते मुळासकट काढायची, चांगलं ते राखायची, आमीला उन्हात ठेवायची, पानांवर अंड्याच्या टरफलांची पूड भुरभुरायची. पहिले काही दिवस आमी नुसती हुंगायची. मग एका सकाळी तिनं पाथरीचं पान दातांविना कुरतडायला सुरुवात केली. कुर्र, कुर्र. बुद्धप्रिया धुण्याच्या दगडावर बसून बघत राहिली. क्लासची वेळ टळली तरी उठली नाही.

पावसाळा सरता सरता पाठ टणक व्हायला लागली. इकडं चाचण्यांमधले तिचे मार्क होते तिथंच होते. फिजिक्सचा पेपर समोर आला की छातीत काहीतरी दाबलं जायचं, आणि ती पुन्हा पुन्हा पहिलंच गणित वाचत बसायची. हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं तर पप्पांना कळणार, आणि पप्पांना कळलं तर त्या खुर्चीचं काय?

दिवाळीनंतरच्या एका रविवारी आनंदराज न कळवता आले. हातात पिशवी, पिशवीत आईनं केलेले मुगाचे लाडू. रत्नम्मानं फाटक उघडलं आणि कौतुकानं त्यांना सरळ परसातच घेऊन आली.

बुद्धप्रिया उकिडवी बसली होती. ओढणी कमरेला खोचलेली, मांडीवर पाल्याची जुडी, हातात खुरपं.

आनंदराज दारातच थांबले.

"काय करून राहिली तू?"

ती गडबडीनं उठली. "पप्पा! हे आमीसाठी, कासव हाय ना इथं, त्याला..."

"खुरपं कुणाचं हाय?"

"काकूंचं."

रत्नम्माला वाटलं, आपण सावरून घ्यावं. "लई गुणी पोरगी आहे ओ तुमची. गड्याला बोलवायची गरजच ठेवली नाही. परस कसं लख्ख केलंय बघा!"

आनंदराजांचा चेहरा बदलला. ते कधी मोठ्यानं बोलत नसत. आताही बोलले नाहीत. "बाई, माझी माय जलमभर लोकांच्या रानात अशीच बसली. उन्हात, पावसात, पोटात मी असताना. तुमच्यासारख्यांच्याच रानात. माझी पोरगी तुमचं परस साफ करायला नाही ठेवली मी इथं."

"तसं नव्हं ओ दादा," रत्नम्मा कशीबशी म्हणाली. तिनं खाली पडलेलं खुरपं उचललं आणि पदराआड धरून आत गेली.

आनंदराजांनी बुद्धप्रियाचा हात धरून तिला नळाशी नेलं. नळ सोडला. लहानपणी धुवायचे तसे तिचे दोन्ही हात त्यांनी स्वतः धुतले. नखांमधली माती अंगठ्यानं काढत राहिले. ती निघेना, तरी काढत राहिले.

"मला आवडतं पप्पा हे," ती हळूच म्हणाली.

"आवडतंय म्हणूनच भीती वाटती," ते म्हणाले. "मायलाबी आवडायचं. गाणी म्हणायची खुरपताना. लोक म्हणायचे, सरजाबाईला कामाची लई हौस."

त्यांचं खरं होतं, आणि तिचंही खरं होतं, आणि दोन्ही खरं एका परसात मावत नव्हतं. परीक्षा होईपर्यंत परसात उतरणार नाही, असं वचन तिनं त्यांना दिलं. ते दुपारच्या गाडीनं गेले. लाडूंची पिशवी टेबलावर राहिली. तिला ती उघडवेना.

वचन तिनं पाळलं. कुठला पाला घालायचा ते रत्नम्माला नीट दाखवून दिलं, आणि सकाळी उठून प्लायवूडच्या भिंतीकडं तोंड करून बसायला लागली. खालून आमीचा आवाज येत नसे. तरी ती कान देऊन असायची. थंडी गेली, उन्हाळा चढला, पंख्याखाली पानं फडफडायला लागली. पोरींचे चेहरे उतरत चालले. एक रोज ओकायची, एक झोपेत सूत्रं पुटपुटायची. फाटकाला कुलूप तेच होतं, पण आता सात वाजायच्या आधीही कुणी बाहेर जात नसे.

परीक्षा परवावर आली. दुपारी पाणी भरायला म्हणून ती खाली आली, तर परसाच्या दारातून तिला पिवळं काहीतरी दिसलं. आमीच्या भोवती फुलं वाहिली होती. हळद होती, कुंकू होतं, उदबत्ती होती. आणि आमी कण्हेराचं फूल चावत होती.

वचन तिच्या लक्षातही राहिलं नाही. ती धावली. आमीच्या तोंडातून तिनं फूल ओढून काढलं, बोट घालून उरलेलं काढलं. आमीनं चावा घेतला, तरी सोडलं नाही.

"कुणी घातलं हे?" ती ओरडली.

जिन्यावर वर्षाराणी उभी होती. याच वर्षी आलेली, झोपेत पुटपुटणारी ती. "मी ताई. आई म्हणाली, जायच्या आधी पूजा कर म्हणून. काय झालं? काय झालं ताई?" आणि ती तिथंच रडायला लागली.

तिला काय बोलायचं? बुद्धप्रियानं तिला फक्त बादलीत कोमट पाणी आणायला सांगितलं. आमीला पाण्यात ठेवलं. थोड्या वेळानं तिची मान लुळी पडायला लागली, तोंडाला फेस आला.

"काकू, वनखात्याला फोन करा."

"पोरी, परवा परीक्षा आहे तुमची. आज दारात सरकारी गाडी आली तर..."

"काकू, ही मरंल."

रत्नम्मा भिंतीला टेकून खाली बसली. पोरी एकेक करून जिन्यावर जमल्या. कुणीतरी म्हणालं, "परीक्षेच्या तोंडावर आमी गेली तर?" मग रत्नम्मानंच कमरेचा मोबाइल काढून तिच्या हातात दिला. "तूच लाव. मला बोलता यायचं नाही. गुरुबसप्पाला मी काय सांगायचं ते सांगीन."

वनखात्याचा माणूस मोटरसायकलवर आला, मागं जाळीचा खोका बांधून. सिद्धराम त्याचं नाव. वयानं पन्नाशीकडं झुकलेला. त्यानं आमीला उलटसुलट करून बघितलं, पाठीवर टिचकी मारली. "कुठं सापडलं?"

"भिंतीवरून आलं," रत्नम्मा म्हणाली.

त्यानं आठ फुटी भिंतीकडं बघितलं, रत्नम्माकडं बघितलं, कुंकवाकडं बघितलं. "बरंच चढलं म्हणायचं." मग बुद्धप्रियाला विचारलं, "खायला काय होतं हिला? अशी पाठ घरातल्या कासवाची बघितली नाही मी."

तिनं सांगितलं. पाथरी, केना, कंबरमोडी, हराळी. आज काय खाल्लं आणि कधी, तेही. त्यानं मान हलवत ऐकून घेतलं. "किती गिळलं कोण जाणे. वाचलं तर वाचलं," म्हणाला, आणि खोका बांधून गेला. जाताना एवढंच बोलला, "बाई, पुन्हा भिंतीवरून काही आलं तर त्याच दिवशी फोन करा."

परीक्षेच्या दिवशी पोरी पाठीला हात न लावताच घराबाहेर पडल्या. बुद्धप्रियानं पेपर सोडवला, जमेल तेवढा. निकाल लागला तेव्हा मार्क गेल्या वर्षीपेक्षा थोडे खालीच होते. त्या घरातून त्या वर्षी कुणीच एमबीबीएसला लागलं नाही. एका पोरीच्या वडिलांनी येऊन रत्नम्माशी भांडण केलं, की कासव घालवलं म्हणूनच असं झालं. रत्नम्मानं बुद्धप्रियाला दोष दिला नाही, पण रूमचं विचारलं तेव्हा नजर चुकवून म्हणाली, "ह्या वर्षी भिंती काढून टाकणार आहे वरच्या. बघते." आमी तगल्याचं सिद्धरामनं बुद्धप्रियाला फोनवर कळवलं होतं. कुठल्याशा केंद्रात ठेवली आहे, खायला लागली आहे. तेवढं एक बरं झालं.

ती गावी आली. आनंदराज म्हणाले, "एक वर्ष अजून. आता घरूनच कर. मोबाइलवर क्लास लावू." त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. ती "हाव" म्हणाली.

लातूरची खोली परवडली, असं ते वर्ष गेलं. मागच्या खोलीत तिचं टेबल. पाहुणा आला की आई दार लोटून घ्यायची, आणि दाराबाहेर दबका आवाज, "अभ्यास चालू हाय तिचा." लग्नाला जायचं नाही, विहारात जायचं नाही, लोक विचारतात. सरजाबाई मात्र दार ढकलून आत यायची आणि नुसती बसून राहायची. एकदा म्हणाली, "तुझा बाप वाईट न्हाई गं." बुद्धप्रिया म्हणाली, "तेच तर आजी. वाईट असता तर सोपं होतं."

चौथ्या वेळी परीक्षेचं केंद्र नांदेडला आलं. आनंदराज तिला घेऊन गेले. मे महिन्याचं ऊन. शाळेच्या फाटकाबाहेर एक लिंबाचं झाड होतं. त्याच्या सावलीत इतर आईबापांच्या गर्दीत ते उभे राहिले, आणि ती आत गेली.

पेपर हातात आला. तिनं पहिला प्रश्न वाचला. मग पुन्हा वाचला. छातीत तो जुना दाब आला. तिनं पेन खाली ठेवलं आणि दाब ओसरायची वाट बघितली. तो ओसरला तसं तिनं पेन पुन्हा उचललं नाही. उत्तराचा कागद कोरा ठेवून ती वेळ संपेपर्यंत शांत बसून राहिली.

बाहेर आली. आनंदराज गर्दीतून वाट काढत पुढं आले. शर्ट पाठीला चिकटला होता. "कसा गेला?"

"कोरा दिला पप्पा," ती म्हणाली. "काहीच नाही लिहिलं. खोटं सांगता आलं असतं, निकालापर्यंत कळलंही नसतं तुम्हाला. पण मला आता नाही होत. मला झाडांचं शिकायचंय. बीएस्सी करायची."

ते तिच्याकडं बघतच राहिले. आजूबाजूला लोक आपापल्या पोरांना उत्तरं विचारत होते. एका बाईचा धक्का लागला तरी ते हलले नाहीत. मग रुमाल काढून त्यांनी तोंड पुसलं, मान पुसली, पुन्हा तोंड पुसलं.

"झाडांचं शिकून काय व्हते?"

"माहीत नाही. मास्तर होता येतं. वनखात्याच्या परीक्षा असतात. नाहीच झालं काही तर..."

"आन् मी लोकांला काय सांगू?"

दोघं ऑटोनं बसस्थानकावर आले. गाडीत ते तिच्या शेजारी बसले नाहीत. पुढच्या सीटवर बसले, आणि हिमायतनगर येईपर्यंत त्यांनी मागं वळून बघितलं नाही.

पुढचे कितीतरी दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. जेवायला बसले की ताटाकडं बघायचे. दवाखान्यातून आले की ओट्यावर बसून राहायचे. आईनं मध्ये पडायचा प्रयत्न केला, तर उठून गेले. बुद्धप्रियानं मागच्या खोलीचं दार मात्र आता उघडंच ठेवलं. पाहुणा आला की बाहेर यायची, पाणी द्यायची. "परीक्षा कशी गेली?" असं कुणी विचारलं की सरळ सांगायची, "सोडली." पहिल्यांदा सांगताना जड गेलं, मग नाही.

कॉलेजचे प्रवेश सुरू झाले त्या आठवड्यात एका सकाळी आनंदराज इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे राहिले. "कागदं घे. नांदेडची गाडी हाय."

कॉलेजात मोठी रांग होती. ते तिच्यासोबत रांगेत उभे राहिले. एकदा जाऊन पाण्याची बाटली आणली, तिला दिली. खिडकीपाशी आले तेव्हा आतल्या बाबूनं बारावीचे मार्क बघितले आणि म्हणाला, "चांगलेच मार्क आहेत की. नीट दिली नाही का?"

बुद्धप्रियानं तोंड उघडलं, पण आनंदराजांनी खिडकीवर हात ठेवला.

"दिली साहेब," ते म्हणाले. "झाली देऊन. तिला ते झाडाचं पायजे. काय म्हणतात त्याला, तुम्हीच लिव्हा."